डोंग्याची रेघ

लग्नात भटजीनंतर लोक कोणाचं ऐकत असतील तर शूटिंगवाल्याचं. खोटं वाटत असेल तर कोणत्याही मांडवात जाऊन पाहा. नवरदेवाला म्हणा, हार काढा, परत घाला, घालतो. नवरीच्या बापाला म्हणा, जरा परत रडा हो, लाईट गेली होती. तो बिचारा परत रडतो. मी एका बापाला असं दोनदा रडवलेलं आहे. तिसऱ्यांदा त्याला खरंच रडू फुटलं तेव्हा माझी टेप संपली होती, आणि मी दुकानात येऊन हा किस्सा हसत हसत सांगितला होता. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते या सवयीतून झालं. लोक ऐकायचे म्हणून मी सांगत सुटायचो.

नव्याण्णव साली मी गोंदियात एका मिक्सिंगच्या दुकानात कामाला लागलो. मिक्सिंग म्हणजे लग्नाच्या कॅसेटी कापायच्या, नको ते काढायचं, गाणी लावायची आणि सुरुवातीला नवरा-नवरीची नावं गरगर फिरवायची. घर आमचं आमगावकडच्या एका खेड्यात. आम्ही पोवार, धानाची शेती, घरात बोली पोवारी. दुकानाच्या सेठशी हिंदी आणि शूटिंगला खेड्यात गेलो की झाडीबोली. माझ्या बापाला शेवटपर्यंत वाटत होतं की पोरगं टीव्ही दुरुस्त करतं. मीही त्याचा गैरसमज दूर केला नाही. खरं काय करतो ते सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, एवढंच?

पहिली काही वर्षं दोन व्हीसीआर आणि नावं टाकायच्या एका डब्यावर काम चाललं. मग सेठनं कॉम्प्युटर आणला आणि नागपूरहून कोणाकडून तरी सॉफ्टवेअरच्या सीड्या आणल्या. शिकवणारं कोणी नव्हतं. मी आपला दुपारभर बटणं दाबत बसायचो. एकावर एक काचा ठेवाव्यात तसे चित्रांचे थर असतात, लेअर म्हणतात त्याला, आणि प्रत्येक थर वेगळा हलवता येतो, एवढं कळायला मला महिना लागला. एके दिवशी पडद्यावरून सरकणाऱ्या लाल बदामाच्या मागं त्याचीच फिकट फिकट बदामं लागली. कशानं लागली ते शोधण्यात दोन दिवस गेले. सेठ म्हणाला, "अरे वा, पूँछ निकल आई!" आणि पुढचा सबंध सीझन मी जे हलेल त्याला शेपूट लावत सुटलो.

मग त्याहून मोठी गंमत सापडली. पडद्यावर एखादी वस्तू हलवली की ती कोणत्या क्षणी कुठं होती याचे ठिपके कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. ते ठिपके उचलून दुसऱ्या थरावर टाकले की त्यांची सलग वाट तयार होते. त्या वाटेवर रंगीत रेघ चढवायची आणि ती आत्ताच कोणी ओढत आहे अशी पुढं पुढं न्यायची. वस्तू निघून गेली तरी ती कुठून कशी गेली ते मागं राहतं. मला याचं येडच लागलं. वरातीच्या गाडीची आमगाव ते नवेगाव बांध अशी लाल रेघ मी नकाशावर पळवली, तेव्हा गिऱ्हाईकं सेठला सांगायला लागली, "वो रेघवाले से ही करवाना." मी तर हवेतच होतो.

दोन हजार सात-आठचा मार्गशीर्ष असेल. आमच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावातलं लग्न होतं. लग्न झालं, नवरी परतणीला माहेरी आली आणि जोडप्याचं आउटडोअर शूटिंग करायचं ठरलं. आउटडोअर म्हणजे दोघांनी हात धरून चालायचं, झाडाला टेकायचं, आणि टेपरेकॉर्डरवर गाणं लावलेलं असायचं त्यावर ओठ हलवायचे. गावाबाहेर जुना मालगुजारी तलाव होता. आमच्याकडं असे तलाव गावागणिक आहेत. अर्ध्या तलावात शिंगाड्याचे वेल होते. मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, कॅमेरा स्टँडला लावला आणि जोडप्याला खाली दगडावर बसवलं.

समोरून एक ढिवर, म्हणजे आमच्याकडचा मासेमार, आपला डोंगा, छोटी होडी, बांबूनं ढकलत चालला होता. पस्तिशीचा माणूस, गुडघ्यापर्यंत लुंगी, डोक्याला हिरवा गमछा. उतरतीचं ऊन माझ्या पाठीमागून येत होतं आणि डोंगा असा उजळला होता की मी नवरा-नवरीला विसरलो. ओरडलो, "ओ भाऊ, आखीन एक चक्कर मारा ना इकडून!"

"माहा फोटो येते का बाबू त्याच्यात?"

"येते ना. हीरो तुमीच हाये."

"मंग मारतो ना!" तो हसला, नवरदेवही हसला. नवरी लाजून खाली पाहत होती ती तशीच राहिली.

दुसरी चक्कर पहिलीपेक्षा चांगली झाली. बांबू टाकायची त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. डोंगा लेकाचा तसूभर डुलत नव्हता. पण आमचं समाधान कुठलं व्हायला! तिसऱ्या चकरेला ऊन सरकलं. चांगला उजेड आता डावीकडं, वेलांवर पडला होता. मी एक डोळा कॅमेऱ्याला लावला, डावा हात उंच केला आणि तिकडं घ्या, तिकडं घ्या अशी खूण केली. त्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग डोंगा वळवला.

तिकडं पाणी खोल होतं. वेल जुने आणि दाट. शिंगाडे तोडायला माणसं अशा जागी सकाळी जातात आणि जोडीनं जातात, संध्याकाळी एकटं कोणी जात नाही. हे मला माहीत होतं का? तलावाच्या गावात वाढलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं मी म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. माहीत होतं. त्या घटकेला मला उजेडापलीकडं काही सुचत नव्हतं.

डोंगा वेलांच्या कडेला लागेपर्यंत मी शूटिंग केलं आणि कॅमेरा बंद केला. नवरीला थंडी वाजायला लागली होती. आम्ही सामान बांधलं आणि निघालो.

दोन दिवसांनी दुकानाखालच्या टपरीवर आमगावकडचा एक ओळखीचा भेटला. म्हणाला, "त्या गावचा एक ढिवर बुडून मेला. वेलात पाय अटकले. पेऊन होता मनतेत." मी विचारलं, कधी? तो म्हणाला, काल सकाळी लोकाईले डोंगा उलटा दिसला, म्हणजे आदल्या सांजचं असंल. गमछा कोणत्या रंगाचा होता हे विचारायची मला गरज पडली नाही. वर येऊन सेठला सांगितलं.

"तूने डुबाया क्या उसको?" सेठ म्हणाला. "पीके था ना वो? फिर! अपने को शनिवार को अल्बम देना है, वो देख."

पेऊन होता. हे दोन शब्द मी घट्ट धरून ठेवले. खोटं कशाला बोलू, त्यांच्याच भरवशावर मला झोप लागली. आपण होऊन तोंड उघडायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दारूडा होता, बुडाला, संपलं. असं मनाला सांगितलं आणि कामाला बसलो.

आता पुढची माझी कमाल ऐका. माणूस मेला होता आणि मी त्याच्या डोंग्याला सोनेरी रेघ लावत होतो. शॉट इतका सुंदर आला होता की सोडवेना. आमच्या कॉम्प्युटरला हलत्या वस्तूचा पाठलाग आपोआप करता येत नव्हता, म्हणून सगळं हातानं. पडद्यावर एक रिकामा थर घ्यायचा, ज्याच्यावर चित्र नाही, नुसती एक खूण. व्हिडिओ पाच-पाच चित्रं पुढं सरकवायचा आणि दर वेळी ती खूण डोंग्याच्या टोकावर नेऊन ठेवायची. दीड दिवस मी त्या माणसाच्या मागं मागं गेलो, ठिपक्यामागं ठिपका. बांबू उचलताना त्याचा उजवा खांदा वर व्हायचा. मधेच एकदा त्यानं गमछा सारखा केला होता. कॅमेऱ्याकडं पाहून एकदा हसलाही होता, फोटो येणार म्हणून. त्याच्या बायकोनंही त्याला सलग एवढा वेळ पाहिलं नसेल. मग ठिपके उचलून वाट केली, वाटेवर सोनेरी रेघ चढवली, रेघेला थोडी चमक दिली.

रेघ चालवून पाहिली. पहिली चक्कर सरळ, दुसरी सरळ, ओळंबा धरल्यासारखी. तिसरी अर्ध्यापर्यंत सरळ, आणि मग एकदम विळ्यासारखी डावीकडं वळलेली. मी ती वळणाच्या आधी कापली. रेघ कुठं थांबवायची याचा एक आकडा असतो, शंभर म्हणजे पूर्ण. मी तो ऐंशीवर आणला आणि तिथून नवरीच्या चेहऱ्यावर गेलो. शॉटच्या खालच्या कडेला पाळीवर माझी लांब सावली पडली होती, हात वर केलेली. चित्र थोडं मोठं करून तीही बाहेर काढली. आमच्या धंद्यात सावली दिसणं म्हणजे चूक, ती काढतातच. आणि ते वळण बेढबच दिसत होतं. अशी कारणं मला भराभर सुचत गेली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

अल्बम वेळेवर गेला. नवरीच्या बापाच्या घरी अर्धं गाव टीव्हीपुढं बसून पाहून गेलं म्हणे. सेठकडं फोन आला, रेघ भलतीच आवडली. सेठनं मला त्या दिवशी स्वतः समोसा आणून खाऊ घातला, आणि मी तो खाल्ला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, भर दुपारी, सेठ जेवायला घरी गेला असताना एक बाई दुकानाचा जिना चढून आली. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीचे केस नुसते पिंजारलेले होते आणि तिनं डोक्यावर टॉवेल घट्ट धरून ठेवला होता. बाईनं दारातूनच विचारलं, "रेघ काढनारे भाऊ कोन हायेत?"

"मीच. काय पायजे बाई?"

"व्हिडिओत डोंगा दिसते ना, तो माह्या मानसाचा हाये."

मी उठून उभा राहिलो. का उभा राहिलो कोण जाणे. ती आत आली आणि भिंतीला टेकून सांगायला लागली. आवाज चढवला नाही की डोळे पुसले नाहीत. बऱ्याच जणांना सांगून झालेलं असावं तसं सांगत होती.

"तो पाच वर्सं झाले पेत नवता. हे पोट्टी लायनी असताना आजारी पडली, तवा हिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली त्यानं, पेलो तं हिचं मेलेलं तोंड पाहीन. तवापासून एक थेंब नाई. आता लोक मनतेत पेऊन मेला. माही सासू मनते, शपथ मोडली त्यानं, आता पोट्टीवर येईन. हिच्या तोंडावर मनते! तवापासून हे जेवत नाई. कोनाले डोक्याले हात लावू देत नाई, येनी घालू देत नाई. रोज इचारते, माय, मी कधी मरीन?"

मुलगी हे सगळं ऐकत होती. दुसऱ्याच कोणाची गोष्ट चालल्यासारखी उभी होती. तिची मनगटं पाहिली आणि मला कळलं की बाई वाढवून सांगत नाही.

"मंग त्या नवरीच्या घरी तो व्हिडिओ पाहालं मी," बाई म्हणाली. "रेघ सरळ जाऊन राहिली. पेलेल्या मानसाची रेघ अशी सरळ जाते का भाऊ? मनलं, हे पोट्टीले दाखवतो, तिचं भेव जाईन. पन ते रेघ मधातच तुटते. सासू मनते, पुढं डुलला असंल मनून तोडली. तं मले पुढचं दाखवा."

बापा रे! अख्ख्या गावानं वाहवा केली आणि माझी कापाकापी समजली ती एकट्या त्या म्हातारीला.

"पुढचं नाई हाये," मी म्हणालो.

"काऊन नाई?"

"टेप संपली होती." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ती माझ्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "तं जेवढं हाये तेवढं दाखवा हिले. तठी गर्दीत हिले नीट दिसलं नाई."

एवढं तर करणं भागच होतं. मी काम उघडलं, मुलीला स्टूल दिलं आणि रेघ चालवली. पहिली चक्कर झाली, दुसरी झाली. "पाह्य," बाई तिला सांगत होती, "तुहा बाबा पाह्य, कसा सरळ जाऊन राहिला." तिसरी चक्कर अर्ध्यावर आली आणि रेघ थांबली. मुलीनं जिथं रेघ थांबली होती तिथं काचेवर बोट ठेवलं.

"येथून बाबा कोठी गेला?"

तिची आई माझ्याकडं पाहत होती. मुलीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग बोट काढून घेतलं आणि हळूच आईला म्हणाली, "माय, आजी खरंच मनते."

मी फार विचार केला असं नाही. सुधारलो, देव आठवला, असलं काही झालं नाही. त्या पोरीच्या तोंडाकडं पाहून मला तिथं बसवेना, एवढंच. मी ऐंशीचे शंभर केले, कापलेला तुकडा परत जोडला. मोठं केलेलं चित्र मूळ मापावर आणलं आणि परत पहिल्यापासून चालवलं.

रेघ वळली. बाईच्या तोंडून "अगो माय" एवढंच निघालं. मुलगी स्टुलावर मागं सरकली, आता सगळं खरं ठरलं अशी. मग तीच एकदम पुढं वाकली. पडद्याच्या खालच्या कडेला बोट लावून म्हणाली, "हे कोन हाये? हात करून राहिला तो?"

"मी," मी म्हणालो. "माही सावली हाये ते."

"तुमी कायले हात करून राहिले?"

"तुह्या बाबाले बोलावून राहिलो होतो. तिकडे उजेड चांगला होता, फोटो चांगला येईन मनून. तो आपल्या मनानं नाई गेला. मी हात केला मनून गेला." मी मागं नेऊन परत दाखवलं. "पाह्य, पहिले हात वर होते. मंग डोंगा वळते." आणखी एकदा दाखवलं. चार-पाच वेळा दाखवलं असेल. दर वेळी हात आधी आणि वळण नंतर. दीड दिवस ठिपके लावले तेव्हा हे मी कितीदा पाहिलं होतं, पण तोंडानं म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

"मंग बाबा पेला नवता?"

"नवता. वळतानी पन पाह्य ना, डोंगा डुलला का कोठी? पेलेल्या मानसाले असा डोंगा धरता येते का?"

तिनं स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घेतली. माझ्या सांगण्यावर नाही, रेघेवर बोट फिरवत फिरवत. मग आईकडं वळून म्हणाली, "माय, मंग मी नाई मरत."

बाईनं तिला छातीशी ओढलं. पोरीच्या डोक्यावरचा टॉवेल खाली पडला, तरी तिनं तो उचलला नाही. मला तिथं उभं राहायची लाज वाटत होती, आणि जायला जागा नव्हती. थोड्या वेळानं आईच्या पदराआडून मुलीनं माझ्या टेबलावरच्या डब्याकडं पाहिलं आणि विचारलं, "त्याच्यात काय हाये?" भात होता, वांग्याची भाजी होती. मी डबा तिच्यापुढं ठेवला. ती खाली मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी खायला लागली.

"हे असंच सीडीत टाकून द्या," बाई म्हणाली. "रेघ पुरी पायजे. तुमचा हात दिसला पायजे. सासूले दाखवतो अन् गावाले बी दाखवतो."

"देतो."

"मंग तुमचं नाव होईन गावात."

"होऊ द्या," मी म्हणालो. आणि झालंच. ती सीडी गावानं पाहिली. त्या गावचं एकही लग्न पुन्हा आमच्या दुकानात आलं नाही. सेठ मला महिनाभर शिव्या घालत होता, "हरिश्चंद्र की औलाद" म्हणून. सोनेरी रेघ मात्र बंद झाली नाही. बाकीच्या गावांना ती पाहिजेच होती, आणि पुढची चार वर्षं ती मीच काढत होतो. नोकरी होती, काय करणार?

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी सीडी लावली. आमचा कॉम्प्युटर म्हातारा झालेला, त्याला वीस-पंचवीस मिनिटं तरी लागायची. मुलगी खात होती. तिच्या जेवणाचा आवाज आणि कॉम्प्युटरची घरघर, बाकी दुकानात शांतता. खरं सांगतो, मला वाटलं होतं की आता ती बाई मला काहीतरी बरं बोलेल. पोरीचं भेव गेलं, मी खरं सांगितलं, आता आपलं फिटलं, असं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो. माणूस किती लबाड असतो पाहा. माझी सावली अजून समोर पडद्यावर होती, हात वर केलेली, आणि मी शाबासकीची वाट पाहत होतो.

बाई पडद्याकडंच पाहत होती. तिकडं पाहतच तिनं विचारलं, "तुमाले पवता येते का भाऊ?"

"येते." आमच्याकडं कोणाला येत नाही? चौथी-पाचवीत असताना मी आमच्या गावचा तलाव आडवा पार करायचो.

"कॅमेरा बंद केल्यावर किती वेळ होते तुमी तठी?"

"सामान बांधेपर्यंत. पंधरा-वीस मिनटं."

"त्यानं आवाज देला असंल ना?"

"गाणं चालू होतं. टेपवर. बंद करायचं राहून गेलं."

तिनं ते ऐकून घेतलं. मुलीनं डबा खरवडला, बोटं चाटली आणि पाणी मागितलं. बाईनं माझ्या बाटलीतलं पाणी तिला पाजलं, तोंड पुसलं, आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडं तोंड करून विचारलं, "मंग मागं मुरून पाहालं का तुमी? एकदा तरी?"

"नाई," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. सीडी बाहेर आली ती मी तिला दिली. तिनं ती पिशवीत कपड्यांच्या घडीत नीट ठेवली, टॉवेल उचलला आणि पोरीला घेऊन निघाली. मी मागोमाग जिन्यापर्यंत गेलो. तिची माफी मागायची होती, शब्द तोंडात आले होते. पण पोरगी तिच्या सोबत होती, नुकती पोटभर जेवली होती, आणि तिच्या बाबाला मी वळवलं एवढंच तिला समजलं होतं. त्याच्यानंतरची वीस मिनिटं तिला समजली नव्हती. तिच्यासमोर माफी मागितली असती तर तिनं विचारलं असतं, कायची माफी? मी बोललो नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही.